‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न : कोल्हापुरात पंचगंगेजवळ रो-हाउस पसंत पडलंय. ते निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधोमध येतं. बिल्डर म्हणतो, लाल रेषेचा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, काळजी नको. घ्यावं का?

उत्तर : मी घेणार नाही. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एक पूर आला की पुढची 99 वर्षं निवांत, असं नसतं. दर वर्षी 1 टक्का शक्यता असते, गेल्या वर्षी पूर येऊन गेलेला असला तरीही. तुमचं गृहकर्ज 20 वर्षांचं धरलं, तर हप्ते फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता 18 टक्के होते. निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची. तिच्यासाठी हाच हिशेब 56 टक्क्यांवर जातो. तुमचं घर या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. त्यात या रेषा जुन्या नोंदींवरून आखतात, आणि कोल्हापूरकरांनी 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर पाहिलेत. घ्यायचंच ठरलं, तर 2019 ला पाणी कुठवर चढलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि जोत्याची उंची त्याच्याशी ताडून बघा.

प्रश्न : भोसरीत माझं प्रेस शॉप (पत्रा दाबून सुटे भाग बनवायचा कारखाना) आहे. 12 वर्षांत एकही अपघात नाही. तरी सेफ्टी ऑडिटमध्ये पॉवर प्रेसवर लाल शेरा. का?

उत्तर : कारण शक्यता कमी असली तरी गेलेली बोटं परत येत नाहीत. धोका ठरवताना या दोन्ही गोष्टी बघतात. प्रेस दिवसाला 2,000 ठोके मारत असेल, तर महिन्याच्या 25 दिवसांत हात 50,000 वेळा डायखाली, म्हणजे दाबणाऱ्या साच्याखाली, जातो. तुमचा कामगार प्रत्येक वेळी तो वेळेत काढतोय, एवढंच 12 वर्षांनी सिद्ध झालंय. हात आत घालायची गरजच संपवा, नाहीतर गार्ड आणि दोन हातांनी दाबायची बटणं बसवा. फलक, सूचना त्यानंतर. कृपा करून हे याच महिन्यात करा.

प्रश्न : मुलीला पाळीच्या त्रासासाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्यात. त्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो म्हणे. बंद करू?

उत्तर : आधी विचारा, कशाच्या दुप्पट? 1995 मध्ये ब्रिटनमध्ये नव्या प्रकारच्या गोळ्यांबद्दल अशीच बातमी पसरली. प्रत्यक्षात जुन्या गोळ्यांवर 7,000 बायकांमागे 1 असलेलं प्रमाण नव्यांवर 2 झालं होतं. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. गुठळीचा धोका तर गरोदरपणात याहून जास्त असतो. घरात कुणाला गुठळीचा त्रास असेल किंवा मुलीला अर्धशिशी असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. परस्पर बंद करू नका.

प्रश्न : सहकारी बँक अर्धा टक्का जास्त व्याज देते. 12 लाख ठेवू?

उत्तर : ठेवींवरचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे, शाखा कितीही असोत. वर्षाला 6,000 रुपये जास्त मिळावेत म्हणून 7 लाख उघड्यावर ठेवू नका. रक्कम तीन बँकांत विभागा. आणि ती बँकच आहे ना, पतसंस्था नाही ना, हे पावतीवर नीट वाचा. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही.