तुम्ही विचारलंत: बिटकॉइन, घरचा सर्व्हर आणि चावी कुणाकडे

या महिन्यात पत्रं आली ती जवळपास सगळी एकाच सुराची, कंपन्यांच्या तावडीतून सुटायचंय, कसं ते सांगा. सांगतो, पण माझं एक मत आधीच ऐकून घ्या. सगळं घरी आणून ठेवण्यापेक्षा उद्या सोडून जायची वेळ आली तर आपला माल, म्हणजे पैसे, फोटो, मेल, उचलून नेता येतो का, हे मी आधी बघतो, खालची उत्तरं त्याच हिशोबाने दिलीयेत.

प्रश्न: बाबांनी आयुष्यभर एका सहकारी बँकेत पैसे ठेवले, बँकेवर निर्बंध आले आणि सगळं अडकून पडलं. आता माझी बचत मी बिटकॉइनमध्येच टाकायची ठरवलीये, थोडे घेतलेत पण, एका एक्स्चेंजच्या (बिटकॉइन खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या) अ‍ॅपवर आहेत. बरोबर करतोय ना? (एक वाचक, भांडुप)

दादा, राग समजतो, भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात हे काय असतं ते लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. पण तुमचे बिटकॉइन अ‍ॅपवर आहेत म्हणजे तुम्ही एका बँकेतून उठून दुसऱ्या बँकेत जाऊन बसलात, फक्त या दुसऱ्या बँकेला ठेवींचा विमा नाही. पहिल्या बँकेला निदान तो आहे, फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासकट 5 लाखांपर्यंत, आणि 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर निर्बंध आले तर ते पैसे 90 दिवसांत द्यायची तरतूद आहे. एक्स्चेंजचं म्हणाल तर 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या भारतातल्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून 23 कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली आणि लोक महिनोनमहिने स्वतःच्याच पैशाकडे स्क्रीनवर बघत बसले. त्याआधी 2022 च्या नोव्हेंबरात एफटीएक्स बुडालं होतं, ते तर जगातल्या मोठ्यांपैकी एक.

मग स्वतःचं वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची चावी आपल्याच हातात ठेवणारं अ‍ॅप किंवा उपकरण, घ्यायचं का? घ्या. स्वतःच्या वॉलेटमध्ये चावी म्हणजे 12 किंवा 24 शब्द, 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले. हे शब्द ज्याच्या हातात त्याचे बिटकॉइन, आणि हरवले तर कुठल्याही कस्टमर केअरला फोन करून मिळत नाहीत. त्यामुळे स्क्रीनशॉट काढायचा नाही, तो पाच मिनिटांत क्लाउडवर जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायचे नाहीत. कागदावर लिहाल तर आपल्याकडचा पावसाळा आहेच, भिंतीला ओल धरते, कपाटातल्या कागदाला बुरशी येते, आणि चाळ किंवा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की सामान भाड्याच्या घरी हलवताना काय कुठल्या खोक्यात गेलं ते देवाला माहीत. स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून घेतात बरेच जण, एक पट्टी घरी आणि एक दुसऱ्या पत्त्यावर, मला तेच पटतं. आणि घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू दे की असं काहीतरी आहे आणि कुठे आहे. शब्द सांगायची गरज नाही, पण उद्या तुम्हाला काही झालं तर बायकोला बँकेत नॉमिनी म्हणून फॉर्म भरून पैसे मिळतात तसा इथे काही फॉर्म नाहीये.

आता मुख्य गोष्ट. सगळी बचत नको. नोव्हेंबर 2021 मध्ये एक बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या आसपास होता आणि वर्षभरात 16 हजारांवर आला. मधल्या काळात घरात कुणाचं ऑपरेशन निघालं असतं तर काय विकलं असतं? शिवाय नफ्यावर 30 टक्के टॅक्स, वर सेस, विकताना 1 टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातही वळता करता येत नाही, अगदी दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनसुद्धा नाही. खरेदीच्या तारखा आणि रक्कम लिहून ठेवा, रिटर्नमध्ये त्याचं वेगळं परिशिष्ट असतं. बचत दोन-तीन बँकांत 5 लाखांच्या आत वाटून ठेवा, आणि बिटकॉइनमध्ये तेवढेच टाका जे शून्य झाले तरी घरी भांडण होणार नाही.

प्रश्न: गुगलचे 15 जीबी भरलेत, रोज पैसे भरा म्हणून मेसेज येतो. यूट्यूब बघून रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) घेऊन घरीच फोटोंचा सर्व्हर करायचं डोक्यात आहे पण केबलवाला म्हणतो बाहेरून दिसणार नाही. बायको म्हणते महिन्याचे पैसे भर आणि गप्प बस. (एक वाचक, कांदिवली)

वहिनींचं म्हणणं चूक नाहीये हं, पण करायची हौस असेल तर करा, यातून शिकायला खूप मिळतं. केबलवाला खरं बोलतोय, आपल्याकडे लोकल इंटरनेटवाले एकच पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पुष्कळ गिऱ्हाइकांत वाटून देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या घरचा दरवाजाच सापडत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, मागितला तर जास्तीचे पैसे घेऊन देतात काही जण. पण घरचा सर्व्हर सगळ्या जगाला दिसायची गरजच काय, घरातले चार फोन पोचले की झालं, त्यासाठी टेलस्केल नावाचं, आपली मशीन खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर टाका, फोनवर आणि सर्व्हरवर दोन्हीकडे, लोकलमध्ये उभं राहूनपण घरचे फोटो दिसतात. हो, इथेही एक कंपनी मध्ये आलीच, पण ती फक्त दोन मशीनची ओळख करून देते, फोटो तिला वाचता येत नाहीत. तेही नको असेल तर ओळख करून द्यायचं हे काम स्वतःच्या सर्व्हरवर करणारं हेडस्केल आहे, पण त्याला आत्ताच हात घालू नका.

रास्पबेरी पाय घेऊ नका असं नाही, पण घरात जुना लॅपटॉप पडला असेल तर आधी तोच वापरा. त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. मुंबईत लाइट जात नाही हे आपलं लाडकं वाक्य आहे, 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड बसली आणि लोकलसकट सगळं शहर थांबलं होतं ते आठवा. लॅपटॉप 15 वॅट खातो धरलं तर महिन्याला 11 युनिटच्या आसपास. फक्त बॅटरीचं चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असेल तर लावा, सतत प्लगवर राहिली की बॅटरी फुगू शकते.

फोटोंसाठी इम्मिच नावाचं सॉफ्टवेअर टाका, गुगल फोटोजच्या सगळ्यात जवळचं तेच वाटेल, वहिनींना वेगळं शिकवावं लागणार नाही. गुगलमधून टेकआउट या गुगलच्याच सोयीने सगळं उतरवून घ्या, पण लक्षात ठेवा, बऱ्याच फोटोंच्या तारखा फोटोसोबतच्या वेगळ्या माहितीच्या (जेसन) फायलींमध्ये येतात, नुसते फोटो कॉपी केलेत तर बारशाचे फोटो या वर्षीच्या गणपतीत जाऊन बसतील. इम्मिच-गो नावाचं टूल आहे, ते दोन्ही जुळवून चढवतं.

आणि बॅकअप. इम्मिचवाले स्वतःच सांगतात की फोटो फक्त इथेच ठेवू नका. लॅमिंग्टन रोडवरून दोन हार्ड डिस्क आणा, एक सर्व्हरला, दुसरी एन्क्रिप्ट करून (पासवर्डचं कुलूप लावून) बहिणीकडे नाहीतर सासरी, दिवाळीला आणि गणपतीला जाता तेव्हा बदलून आणायची. एकाच खोलीत दोन कॉप्या ठेवून लोक खुशाल झोपतात, वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला की दोन्ही जातात. आणि सहा महिने सगळं नीट चालल्याशिवाय गुगलवरचं काही डिलीट करू नका, तोपर्यंत वहिनी म्हणतात तसे पैसे भरा.

प्रश्न: माझी भाची म्हणते मावशी व्हॉट्सअ‍ॅप सोड, सिग्नलवर ये, मॅस्टोडॉनवर ये, ते विकेंद्रित आहे. पण आमच्या सोसायटीचा, शाळेतल्या सहकाऱ्यांचा, भजनी मंडळाचा सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. (निवृत्त शिक्षिका, दादर)

बाई, भाचीला सांगा की सिग्नल विकेंद्रित नाही. चांगलं आहे, ना-नफा संस्था चालवते, पण सर्व्हर त्यांचेच. मॅस्टोडॉन, म्हणजे ट्विटरसारखंच एक, मात्र खरंच विकेंद्रित, ईमेलसारखं, तुमचं खातं एका सर्व्हरवर आणि माझं दुसऱ्या, तरी बोलता येतं. नोव्हेंबर 2019 मध्ये ट्विटरवर चिडून आपल्याकडचे बरेच लोक तिकडे गेले होते, त्यातले पुष्कळ परतही आले, कारण गप्पा मारायला माणसंच नव्हती.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप सोडू नका, पाण्याचा टँकर कधी येणार ते तिथेच कळणार आहे. फक्त सेटिंगमध्ये चॅट बॅकअपला जाऊन एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा, तो आपोआप चालू असेलच असं धरून बसू नका. त्याचा पासवर्ड डायरीत लिहा, विसरलात तर बॅकअप उघडायचा नाही. भाचीशी बोलायला सिग्नल ठेवा.

प्रश्न: ई-रुपया म्हणजे क्रिप्टोच का? (गिरगाव)

नाही. तो रिझर्व्ह बँकेचाच रुपया, फक्त डिजिटल, 1 डिसेंबर 2022 ला सामान्य लोकांसाठी पायलट सुरू झाला तेव्हा पहिल्या चार शहरांत मुंबई होती. तिथे रिझर्व्ह बँकेपासून सुटका नाही.

प्रश्न: मी केटरिंगच्या ऑर्डर घेते. माझं फुकटचं ईमेल खातं मध्यंतरी अचानक बंद केलं, कारण कळलं नाही, दहा दिवसांनी परत आलं. स्वतःचा मेल सर्व्हर टाकू का? (लालबाग)

ताई, नको. घरच्या कनेक्शनवरून मेल पाठवायचं पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायची वाट, बऱ्याचदा बंदच असतं, उघडं असलं तरी घरगुती आयपीवरून आलेला मेल समोरचा सरळ स्पॅममध्ये टाकतो, लग्नाची ऑर्डर स्पॅममध्ये पडली तर सर्व्हर काय चाटायचाय.

त्याऐवजी स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, घ्या, डॉट इन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतं, आणि मेल कुठल्याही पैसे घेणाऱ्या सेवेकडे ठेवा. पत्ता तुमचा राहतो. सेवेने त्रास दिला तर डोमेनमधल्या एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) बदलायच्या आणि दुसरीकडे जायचं, गिऱ्हाइकाला कळणारपण नाही. जुने मेल मात्र अधूनमधून थंडरबर्ड या मेल वाचायच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, नाहीतर पत्ता तुमचा आणि मेल त्यांच्याकडे. एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या) या नोंदी सेवावाले देतात तशा भरा, 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेल याबाबत कडक झालंय.

एक गोष्ट सगळे विसरतात. डोमेन जिथे घेतलंत तिथल्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली तर रिमाइंडर बंद पडलेल्या पत्त्यावरच जाईल. तिथे दुसरा ईमेल द्या, ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि कार्डाची मुदत संपली की तिथे नवं कार्ड टाका.