युरिया सेंद्रिय कसा?

कोथरूडच्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे: मुलीला शाळेत शिकवलं की युरिया हे सेंद्रिय संयुग, रविवारच्या शेतकरी बाजारात मात्र भाजीवाले दादा म्हणाले, "आमचा माल सेंद्रिय, युरियाचा दाणाही घातलेला नाही." खरं कोणाचं?

दोघांचंही. इंद्रियांसह असलेलं ते सेंद्रिय, नसलेलं ते निरिंद्रिय. ही जोडी फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, सेंद्रिय द्रव्य चेतन आणि निरिंद्रिय अचेतन असं सांगितलं आहे. युरोपातले रसायनशास्त्रज्ञही आधी असंच मानत: सजीवांमधले पदार्थ प्राणशक्तीशिवाय बनत नाहीत. मग १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी प्रयोगशाळेत अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. लघवीतला पदार्थ, आणि मूत्रपिंडाचा संबंधच नाही! जुना समज एका रात्रीत गेला नाही, पण पुढे पदार्थ आला कुठून हे पाहणं सुटलं आणि तो कशाचा बनला आहे हे पाहणं सुरू झालं. कार्बनची संयुगं ती सेंद्रिय. त्यामुळे कारखान्यातला युरिया सेंद्रिय, आणि प्लास्टिकची पिशवीसुद्धा.

अपवाद थोडे, पण ते पाठच हवेत: कार्बनचे ऑक्साइड, कार्बोनेट, बायकार्बोनेट, कार्बाइड, सायनाइड. म्हणून खाण्याचा सोडा असेंद्रिय. जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी हा चुनखडक, तीही असेंद्रिय.

मुलीला फरक दाखवायचा तर जुन्या तव्यावर चिमूटभर साखर आणि चिमूटभर मीठ शेजारी शेजारी तापवा (खिडकी उघडी ठेवून). साखर वितळते, तांबूस होते, धूर सोडत काळी पडते. मागे राहतो तो कोळसा, म्हणजे कार्बनच. मीठ तडतडतं आणि पांढरंच राहतं. ही खूण दर वेळी लागू पडत नाही, हेही तिला सांगा. कार्बन टेट्राक्लोराइड सेंद्रिय, तरी जळत नाही; एके काळी त्याने आगी विझवत.

भाजीवाल्या दादांचं 'सेंद्रिय' पदार्थाविषयी नाहीच, पिकवण्याच्या रीतीविषयी आहे: कारखान्यातली रासायनिक खतं आणि कीटकनाशकं टाळून केलेली शेती. तिथे युरिया चालत नाही, पण मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण मर्यादेत चालतं, आणि रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते दोन्ही असेंद्रिय!

हा घोळ टाळायला रसायनशास्त्रात 'कार्बनी' म्हणावं, या मताचा मी आहे. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात धड्याचं नावच 'कार्बनी संयुगे' आहे. सोड्यात कार्बन असून तो 'अकार्बनी' कसा, असं मुलं विचारतील. पण त्याला वरची अपवादांची यादी पुरते. 'सेंद्रिय' शेतीकडे राहू द्यावा, तिथे तो चांगला रुजला आहे.

विरुद्धार्थी म्हणून 'असेंद्रिय' आणि 'निरिंद्रिय' दोन्ही चालतात. दुकानांच्या पाट्यांवर दिसणारं 'सेंद्रीय' मात्र चूक. 'इंद्रिय'मधली 'रि' ऱ्हस्व, म्हणून 'सेंद्रिय'मधलीही ऱ्हस्वच.