मुलाला वाइड रिसीव्हर व्हायचंय आणि घरात रोज वाद

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. डॅलसजवळ राहता, मुलगा टेन्थ ग्रेडला, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन पास झेलणारा, म्हणून खेळतो, त्याला एनएफएलच (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) गाठायचंय आणि त्याचे बाबा म्हणतात हे खूळ बंद कर नि अभ्यास बघ, त्यात उंची पाच फूट दहा इंच, आपल्या लोकांना जमेल का हे, असंही विचारलंयत.

आधी उंचीचं सांगते. एनएफएलमध्ये खेळलेला रिसीव्हर ज्युलियन एडलमन पण पाच-दहाच. केंट स्टेट युनिव्हर्सिटीला असताना तो चक्क क्वार्टरबॅक (पास फेकणारा) होता, 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, सातव्या म्हणजे शेवटच्या राउंडला पेट्रियट्स टीमनी घेतलं, रिसीव्हरचं काम तिथे शिकला, पंट रिटर्न (समोरच्यांनी लाथाडलेला बॉल झेलून पळणं) कर, पडेल ते कर असं करत टिकला आणि दहा वर्षांनी सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. आणि आपल्या लोकांचं म्हणाल तर भारतीय वंशाच्या संजय लाल यांनी एनएफएलमध्ये रिसीव्हरनाच कोचिंग दिलंय, तुमच्याच डॅलस काउबॉइज टीमकडे पण होते ते.

पण बाबांची काळजीही खोटी नाही हो. हायस्कूलनंतर तीन वर्षं गेल्याशिवाय ड्राफ्टला उभंच राहता येत नाही, मग 32 टीम मिळून अडीचशेच्या आसपास पोरं घेतात, त्यात रिसीव्हर साधारण तीस-पस्तीस, तेही सगळ्या देशातून! आणि घेतलं तरी सरासरी करिअर तीन-साडेतीन वर्षांचं, म्हणजे पंचविशीतच पुढे काय हा प्रश्न उभा.

म्हणून मी त्याला खेळ सोड म्हणणार नाही, एवढंच विचारेन की उद्या गुडघा गेला तरी ज्या कॉलेजात शिकायला आवडेल असं कॉलेज कोणतं? तिथे खेळ. नाव मोठं नसलं तरी चालेल. रिसीव्हर ॲडम थीलन मिनेसोटा स्टेट मँकेटो कॉलेजचा, डिव्हिजन टू (कॉलेज खेळाची मधली पातळी, वन सगळ्यात वरची), 2013 ला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही, ट्रायआउट (निवड चाचणी) देऊन एनएफएलच्या व्हायकिंग्स टीममध्ये शिरला, पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडवर (नुसत्या सरावाच्या राखीव गटात) काढलं, मग स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणारी तुकडी), आणि 2017, 2018 दोन्ही वर्षं प्रो बोल, म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाडूंत निवड.

आता तुमच्या घरातल्या भांडणाचं. डिव्हिजन वनला खेळायचं तर 16 कोअर (इंग्रजी, गणित, सायन्ससारखे मुख्य) विषय लागतात, त्यातले 10 सीनियर इयर म्हणजे बारावी सुरू व्हायच्या आत, जीपीए (ग्रेड्सची सरासरी) निदान 2.3. म्हणजे बाबा अभ्यास कर म्हणतात ते फुटबॉलसाठीच आहे, हे त्याला बाबांनाच सांगू द्या, फार फरक पडतो. डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसते, मार्कांवर मात्र मदत मिळू शकते.

डोक्याला मार लागला तर लपवायचं नाही, बेंचवर बसावं लागलं तरी, हे आजच बजावा.

त्याचं ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) पाठवा आणि एका पूर्ण मॅचचा व्हिडिओ, नुसते टचडाउनचे तुकडे नकोत, माझ्या ओळखीच्या कोचना दाखवते, बॉल दुसऱ्याकडे जात असताना हा ब्लॉक करतो, म्हणजे समोरच्याला अडवतो, की उभा राहून बघतो तेही त्यांना बघायचं असतं.