जिप्सीचा टाय रॉड घरी बनवावा का?

प्रश्न (कोल्हापूर): माझ्या जुन्या मारुती जिप्सीला मोठे टायर बसवल्यापासून खडकाळ वाटेवर टाय रॉड (पुढची दोन्ही चाके एकमेकांना जोडणारा दांडा) दोनदा वाकला. जाड टाय रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा) वर्कशॉपमधून करून घेतल्यास 32,000 रुपये लागतील. घरी केल्यास साहित्य 9,000 रुपयांत बसते. परंतु वेल्डिंग मशीन, वापरलेला लेथ (धातू कातण्याचे यंत्र) आणि हत्यारे यांना 1,20,000 रुपये लागतील. त्यासाठी तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी मिळते. मासिक खर्च हप्त्यांसह 64,000 असून आकस्मिक निधी 1,30,000 रुपये आहे.

उत्तर: भाग मजबूत करून घेण्याचा आपला विचार योग्य आहे, मात्र त्यासाठी यंत्रे विकत घेऊ नयेत, आणि कर्ज काढून तर मुळीच घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी बनवल्याने टाय रॉड आणि ड्रॅग लिंकच्या एका संचामागे 23,000 रुपये वाचतात. कर्जाचा मासिक हप्ता सुमारे 4,100 रुपये येईल आणि तीन वर्षांत व्याजच जवळपास 27,600 रुपये होईल, म्हणजे पहिल्या संचातील बचत व्याजातच संपून वर पदरचे पैसे जातील. यंत्रे पुढे निम्म्या किमतीला विकली गेली असे धरले, तरी उरलेले 60,000 रुपये भरून निघण्यास तीन संच बनवावे लागतील, आणि आपल्याला एक वापरता व एक राखीव याहून अधिकची गरज नाही. कर्जाऐवजी निधीतून पैसे काढल्यास आज दोन महिन्यांना पुरणारी शिल्लक 10,000 रुपयांवर येईल. तो पर्यायही मला मान्य नाही. मित्रांना संच विकून खर्च काढण्याचा विचार मनात असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष उत्पादनाच्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, हे ध्यानात घ्यावे.

अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टाय रॉड वाकतो तेव्हा धक्क्याचा काही भाग तो स्वतः झेलतो. तो ताठ केला की तोच भार नकलचा (चाक ज्यावर वळते त्या भागाचा) आर्म, स्टिअरिंग बॉक्स आणि बॉक्स जिथे चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने धरला आहे त्या जागेवर जातो. म्हणून चॅसीवरील त्या जागेची तपासणी आणि गरज पडल्यास मजबुती यांसाठी वेगळी रक्कम धरावी. वाकलेल्या रॉडने गाडी बहुधा हळूहळू घरी आणता येते, पण तुटलेल्या वेल्डने चाकांवरचा ताबाच जातो, आणि ही गाडी आपण रस्त्यावरही चालवता.

विम्याचेही पाहावे. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत संघटित शर्यती, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांतील वापर वगळलेला असतो. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 वाहनातील बदलांवर मर्यादा घालते आणि 2019 च्या दुरुस्तीनुसार अनधिकृत बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे टायरसह सर्व बदलांविषयी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे आधी लेखी विचारणा करावी. दावा नाकारला गेल्यास होणाऱ्या नुकसानीपुढे 23,000 रुपयांची बचत क्षुल्लक आहे.

आपल्या हाताला काम हवे आहे, हे पत्रावरून जाणवते, आणि त्याचा मला आदर वाटतो. मोजमाप, पाइप कापणे, बसवणी हे आपण करावे. जाड भिंतीचा सीमलेस (जोड नसलेला) पाइप घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना आतून थेट आटे पाडून घेतले, एका बाजूला डावे आणि दुसऱ्या बाजूला उजवे, तर त्या नळीवर वेल्ड लागतच नाही आणि टो-इनही (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल) जुळवता येते. हे लेथकाम शिवाजी उद्यमनगरात करून मिळेल. तिथून दर मागवावा. तो साहित्यासह 32,000 च्या बराच खाली आला तर हा मार्ग धरावा, अन्यथा वर्कशॉपला काम द्यावे. रक्कम तीन-चार महिन्यांच्या बचतीतून उभी करावी आणि तोवर गाडी मूळ मापाच्या टायरांवर चालवावी.