जॉबशीटवरची तारीख आधी बघा

प्रश्न (कोल्हापूरच्या राजारामपुरीतील वाचक): 2023 च्या दसऱ्याला दीड लाखाचा ओएलईडी टीव्ही घेतला. दहा महिन्यांत वृत्तवाहिनीच्या लोगोचा ठसा पडद्यावर कायमचा उमटला, कोपऱ्यात काळे ठिपकेही आले. 12 ऑगस्ट 2024 ला कंपनीचा माणूस बघून गेला. ‘वापरामुळे झालं’ म्हणतात. अजून मेल चालू आहेत. आता थेट उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचकडे जाऊ का?

उत्तर: सर्किट बेंच विसरा. हा विषय जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. तुम्ही कोल्हापुरात राहता म्हणून तक्रार इथेच चालते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही.

पण मेल कसले करत बसलात? असे प्रश्न दर महिन्याला येतात आणि सगळ्यांचं घोडं इथेच पेंड खातं. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पत्रव्यवहारानं मुदत वाढत नाही. शेवटच्या नकारापासून मोजा, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. जॉबशीटच्या, म्हणजे कंपनीच्या माणसाच्या भेटीच्या नोंदीच्या, तारखेपासूनच मोजा आणि ऑगस्ट 2026 उजाडू देऊ नका. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं. ‘कस्टमर केअरच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे क्वचितच चालतं.

बाकी निकालाचं मी छातीठोक सांगणार नाही. लोगोच्या ठशात तुमची बाजू लंगडी आहे. या पडद्यात सेंद्रिय रेणू स्वतः प्रकाश देतात आणि देता देता तुटतात, निळे सर्वांत लवकर. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की तेवढाच भाग जास्त झिजतो. वॉरंटीत बहुधा हे वगळलेलं असतं. तुमचं कार्ड वाचा, आजवर वाचलं नसणारच.

काळ्या ठिपक्यांचं तसं नाही. ते सहसा पॅनेलच्या सीलमधून ओल आणि ऑक्सिजन आत शिरल्यानं येतात, टीव्ही बंद असला तरी पसरतात. मग ‘वापर’ कुठून आला? कोल्हापूरच्या पावसाकडे बोट दाखवतील, पण ओल बाहेर ठेवण्यासाठीच तर सील असतं. म्हणून तक्रारीत ठिपके आधी, लोगो नंतर. दुकानदारालाही सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) करा. कलम 38 खाली प्रयोगशाळेच्या तपासणीचा अर्ज सोबतच द्या. तपासणी असेल तर कायदा पाच महिन्यांत निकाल लावा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतील ते विचारू नका.

तोवर बाहेरच्या मेकॅनिकला पॅनेलला हात लावू देऊ नका, नाहीतर सील कुणी फोडलं हा नवाच वाद उभा राहील.