डीएक्स-६० चा आवाज चिरका येतोय? दोष वयाचा नाही

तुम्ही लिहिलंय की तुमच्या हीथकिट डीएक्स-६० वर, म्हणजे हौशी रेडिओच्या (हॅम) जुन्या व्हॉल्व्हच्या एएम ट्रान्समीटरवर, ३.८८५ मेगाहर्ट्झला ऐकणाऱ्यांकडून 'आवाज चिरका, चेपलेला, कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ रेडिओ लहर) दुबळा' असे रिपोर्ट येतात, आणि जुना सेट असाच वाजणार का, असं विचारलंय. मुळीच नाही. नीट लावलेला डीएक्स-६० ऐकत राहावासा वाटतो.

कॅरिअरची काळजी सोडा. या सेटमध्ये ६१४६ या शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हच्या (फायनलच्या) स्क्रीन ग्रिडवर, म्हणजे आतल्या एका जाळीवर, कंट्रोल्ड कॅरिअर पद्धतीनं मॉड्युलेशन होतं, म्हणजे आवाज कॅरिअरवर चढवला जातो. तुम्ही गप्प असताना कॅरिअर खाली बसतो, बोललात की वर येतो. म्हणून बोलताना प्लेट करंटचा (फायनल व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या विजेचा) काटा उसळणं इथे बरोबरच आहे. हीथकिटच्याच डीएक्स-१०० मध्ये प्लेट मॉड्युलेशन आहे, म्हणजे आवाज थेट व्हॉल्व्हच्या प्लेटवर दिला जातो, तिथे फायनलचा तोच काटा जवळजवळ स्थिर हवा. एका सेटचा नियम दुसऱ्याला लावून चांगले सेट बिघडवलेले मी पाहिलेत, त्याचं फार वाईट वाटतं.

चेपलेपणाचं कारण बहुधा लोडिंग, म्हणजे फायनलमधून अँटेनाकडे किती पॉवर ओढायची ते ठरवणारी जुळणी. सीडब्ल्यूवर (मोर्स संकेतांवर) जिथे सर्वाधिक पॉवर मिळते तिथेच थांबलात, तर बोलण्याच्या शिखरांना वर चढायला जागाच उरत नाही, त्यांची डोकी सपाट होतात. डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) लोडिंग थोडं आणखी वाढवा, पॉवर किंचित घटू द्या, आणि प्रत्येक बदलानंतर प्लेटचा डिप पुन्हा साधा, म्हणजे प्लेट करंट सगळ्यात कमी होईल असं ट्यूनिंग करा.

चिरकेपणासाठी आधी माइक बघा. या सेटला हाय इम्पीडन्स क्रिस्टल माइक लागतो. जुन्या माइकमधला रोशेल सॉल्टचा स्फटिक दमट हवेनं आणि उष्णतेनं खराब होतो, मग खर्ज निघून जातो.

तरीही फाटका आवाज येत असेल तर ऑडिओच्या टप्प्यांतले कपलिंग कंडेन्सर (एका व्हॉल्व्हचा आवाज पुढच्याला देणारे, पण डीसी अडवणारे) तपासा. माझ्या एका जुन्या सेटमध्ये मी व्हॉल्व्ह बदलत बसलो होतो; दोष निघाला एका गळक्या पेपर कंडेन्सरचा. तो पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज झिरपवत होता. बदलताना सेट प्लगपासून काढा आणि फिल्टर कंडेन्सर रिकामे झाल्याची मीटरनं खात्री करा. आत शेकडो व्होल्ट असतात, जीव जाऊ शकतो.

खरा निवाडा ऑसिलोस्कोपचाच. डमी लोडवरून थोडा आरएफ (रेडिओ सिग्नल) स्कोपला द्या आणि बोला. पडद्यावरच्या लहरीच्या दऱ्या मध्यरेषेला टेकून तिथे ठळक आडवी रेघ उमटली, की कॅरिअर तुटतोय आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर स्प्लॅटर (खरखरीत गोंगाट) जातोय. माइकचा गेन तेवढा उतरवा. वरची शिखरं सपाट असतील तर पुन्हा लोडिंग आणि ग्रिड ड्राइव्हकडे (फायनलच्या ग्रिडला मिळणाऱ्या सिग्नलच्या जोराकडे) वळा.

एक मात्र आधीच करा. रिपोर्ट देणाऱ्याला त्याचा फिल्टर किती रुंद आहे ते विचारा. एसएसबीचा (एएमपेक्षा अरुंद सिग्नलच्या पद्धतीचा) २.४ किलोहर्ट्झचा फिल्टर लावून ऐकणाऱ्याला कुठलाही एएम सेट कोंडलेलाच वाटेल. ६ किलोहर्ट्झवर ऐकायला सांगा. मग स्कोपच्या पडद्याचा फोटो इथे टाका, आपण मिळून बघू.