डिस्टंट पिवळा दिसला की

सोलापूर, सोमवार

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री २ वाजून ४० मिनिटांनी टाकलेला तुझा मेसेज मी पहाटे पाचला, चहाचं आधण ठेवताना वाचला. ‘काका, सायकलने विजापूर जाऊन-येऊन केलं. २०० किलोमीटर पूर्ण. अंगाचा भुगा झालाय आणि डोळ्याला डोळा लागत नाही. काही बिघडलंय का?’ एवढ्या मोठ्या उत्तरासाठी मोबाइलवर अंगठे बडवायचे म्हणजे माझा जीव जातो, म्हणून कागद घेतला. नात फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर घरी ये.

बिघडलं काही नाही. तुझा हिशेब तेवढा चुकला. एवढा दमलोय म्हणजे पडल्या पडल्या झोप लागायला हवी, असं तू धरून चाललास. दमणं आणि झोप येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला रेल्वेने सायकलीच्या कितीतरी आधी शिकवलं. मालगाडी घेऊन रात्रभर जागायचं, पहाटे वाडी जंक्शनला ड्युटी संपल्याची सही म्हणजे साइन ऑफ करायचं, रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत, दोन घास खाऊन कॉटवर पडायचं. डोळे मिटले की रूळ अंगावर धावून यायचे. कानात इंजिन, तळपायात थरथर. मी आडवा, पण गाडी चालूच. शेजारच्या कॉटवर असिस्टंट ड्रायव्हर निवांत घोरत असायचा, त्याचा राग वेगळाच.

परवा रात्री तुझंही तेच झालं. नऊ-दहा तास तू शरीराला सांगत होतास की संकट आहे, पळ. त्याने इमानाने ऐकलं. अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची रसायनं वाढवली, नाडी चढती ठेवली, अंग तापवलं. तू सायकल भिंतीला टेकवलीस म्हणून हे सगळं त्याच क्षणी खाली बसत नाही, त्याला काही तास लागतात. आणि झोपेची अट अशी की आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. रोज संध्याकाळनंतर ते आपोआप उतरतं, तेव्हाच डोळे जड होतात. तू ते चढवून ठेवलंस आणि वर एप्रिलमधलं सोलापूर.

तुझ्या मित्राला मी फोन केला होता, रागावू नकोस. तो म्हणाला, मंद्रूपपासून तुम्ही दोघांनी शर्यत लावली. शेवटचे पंचवीसेक किलोमीटर जीव तोडून, संध्याकाळी, उलट्या वाऱ्यात. लेका, सगळी गोम तिथेच आहे! भरलेली मालगाडी स्टेशन दिसल्यावर थांबवता येत नाही. म्हणून तर आगाऊ सूचना देणारा डिस्टंट सिग्नल, स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलच्या किमान एक किलोमीटर आधी उभा केलेला असतो. तो पिवळा दिसला की पुढे लाल मिळणार असं धरूनच हात ब्रेककडे जातो. तुझा डिस्टंट म्हणजे शेवटचे दहा किलोमीटर. तिथून हलका गिअर लाव, पाय नुसते फिरू देत, आणि धाप न लागता बोलता येईल एवढाच वेग ठेव. स्ट्राव्हा अ‍ॅपवर वेगाची सरासरी अर्ध्या किलोमीटरने घसरेल. घसरू दे. पुढे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची म्हणतोस ना? २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तू दहा तासांच्या आत आलास. कुणाशी शर्यत होती ती?

घरी आल्यावर काय करायचं? पंख्याखाली जाऊन पडू नकोस. दहा मिनिटं अंगणात येरझाऱ्या घाल, मग अंगावर पाणी घे. थंडगार पाण्याचा हट्ट नको (आपल्याकडे या दिवसांत टाकीचं पाणी संध्याकाळीसुद्धा गरमच येतं, तो प्रश्न सोलापूरने परस्पर सोडवलाय). झोपायच्या तासभर आधी पुन्हा एकदा कोमट पाण्याने अंघोळ कर. ऐकायला उलटं वाटेल, पण कोमट पाण्याने हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतली उष्णता तिथून बाहेर पडते. बर्फाच्या पाण्याने त्या आवळतात.

तुझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. लांब राइडच्या रात्री खाली झोप, नाहीतर तुझी आजी करत असेल तसं दिवे लागणीला गच्चीवर पाणी मारून वर अंथरूण टाक. कूलर असेल तर खिडकी उघडी ठेव. आपली हवा कोरडी आहे म्हणून कूलर इथे चांगला चालतो, पण बंद खोलीत तोच दमट वाफ करून ठेवतो. आणि जाड सोलापुरी चादर पाहुण्यांसाठी राहू दे.

आता खाणं. मित्राकडून हेही कळलं की दुपारी झळकीजवळ तुम्ही वडापाव आणि कोल्ड्रिंकवर भागवलंत आणि रात्री साडेनऊला मटणावर ताव मारलात. रस्सा झणझणीत, वर कडक भाकरी, शेंगाचटणी. मी सोलापूरचाच आहे, त्या ताटाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण त्या रात्री नको. तिखट आणि तेल पोटात जळत राहतं, आणि पचवायचं काम लागलं की अंग निवत नाही. उलट काही मुलं भूक मेली म्हणून न खाताच झोपतात. मग शरीरातला साखरेचा साठा रिकामा असल्याने रात्री दोन-तीनला टक्क जाग येते. त्यांना वाटतं निद्रानाश, असते भूक. पोचल्यावर तासाभरात दोन केळी, दहीभात किंवा मुगाची खिचडी असं काहीतरी पोटात जाऊ दे. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत, साधं. मटण दुसऱ्या दिवशी दुपारी. मला बोलाव.

पाण्याचं एक सांगतो. निघण्यापूर्वी आणि आल्यावर वजन कर. दोन किलो कमी भरलं तर ते जवळजवळ सगळं पाणीच गेलं असं समज. त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे अडीच-तीन लिटर, सावकाश भरून काढायचं. त्यात मीठ हवं, म्हणून ताक, लिंबू सरबत. आणि हे सगळं झोपायच्या दोन तास आधी आटपायचं, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या होतील. अंग सुकलेलं असलं की नाडी रात्रीही धडधडत राहते. तुला उशीवर कान ठेवल्यावर ठोके ऐकू येत होते, ते बहुधा त्यामुळेच.

चहा. परतीच्या वाटेवर तीन कप, शिवाय ते एनर्जी जेलचं पाकीट. पाकिटावर काय लिहिलंय ते एकदा वाच, काही जेलमध्ये कॅफीन असतं. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास जातात. संध्याकाळी सहाला घेतलंस तर रात्री अकरालाही त्यातलं अर्धं तुझ्याबरोबर जागं असतं. दुपारी दोननंतर चहा नाही. हा नियम मला स्वतःला अजून जमलेला नाही, पण तू तरुण आहेस.

गोल घुमटासमोरचा तुझा फोटो छान आला. पण त्याखालच्या प्रत्येकाला तू साडेअकरापर्यंत उत्तर देत होतास, मी पाहिलंय. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. घड्याळसुद्धा. रनिंग रूममध्ये कॉलबॉय कधी उठवायला येईल याचा हिशेब करत मी किती झोपा घालवल्या! चार तास उरले, साडेतीन उरले, असं मोजत गेलं की झोप लांब पळते. नाहीच लागली तर नुसतं पडून राहा. गुडघ्यांखाली उशी घे, कुशीवर झोपत असशील तर दोन्ही गुडघ्यांमध्ये. पडून राहण्यानेही पायांना आराम मिळतो. एक रात्र वाया गेली म्हणून तयारी बुडत नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं म्हणालास. त्याचा झोपेशी संबंध नाही, तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली जातेय. दर पंधरा मिनिटांनी पकड बदल. तरी राहिलं तर हँडल थोडं वर करून घेऊ.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. आमच्या वेळी ‘दोन घोट घे, मस्त झोप लागते’ सांगणारे पुष्कळ होते. लागते, पण पहाटेच्या आत उडते. आणि अंगदुखीची गोळी, तीही घाम गळून सुकलेल्या अंगावर, किडनीला महागात पडू शकते. मी हे दोन्ही केलं आहे. माझ्या पहिल्या ३०० किलोमीटरच्या राइडच्या रात्री. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या उभ्या डुलकी लागली. मागच्या रिक्षावाल्याने सोलापुरी भाषेत उठवलं, ‘का बे, घर नाही का?’ लांब राइडच्या दुसऱ्या दिवशी तू गाडी चालवू नकोस. बसने जा कामावर.

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजायची सवय लाव. तुझी एरवीची किती ते लिहून ठेव. मोठ्या राइडनंतर एक-दोन दिवस ती पाच-दहा ठोक्यांनी जास्त भरते, त्याचं काही नाही. पण आठवडाभर चढीच राहिली, झोपही येईना, आईवर खेकसायला लागलास, तर सायकल कुलूप लावून ठेव आणि मला सांग. लघवी कोलासारखी काळपट झाली, छातीत दुखलं किंवा ठोका चुकल्यासारखा वाटला, तर मला सांगत बसू नकोस, थेट डॉक्टरकडे.

रविवारी पहाटे साडेपाचला तुळजापूर नाक्यावर ये. देवीपर्यंत जाऊन परत, नव्वदेक किलोमीटर होतात. घाटात हवा तेवढा पळ, वर मी येईपर्यंत थांब. परतीला हिप्परग्याचा तलाव दिसला की मी पुढे येणार आणि तिथून नाक्यापर्यंत तू माझ्या मागे. बेल वाजवायची नाही.

तुझा,
काका